सातव्या वर्षाचा रकाना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या कंपनीचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा झरझर, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. पंपाच्या अंगावर बसवायची एक डबी, ती मोटरची कंपनं ऐकते, तापमान बघते आणि पंप बंद पडण्याआधी फोनवर सांगते. कल्पना चांगली आहे. नवी आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ज्या दुखण्यावर आधीच चार जण औषध विकताहेत ते दुखणं खरं असतं, एवढं तरी त्यातून कळतं.

माझं घोडं अडलं ते अकराव्या पानावर. तिथे तू मोठ्या अक्षरांत लिहिलं आहेस : 'एकदाच पैसे भरा, अ‍ॅप कायमचं मोफत.' त्यातल्या 'कायमचं' या शब्दाखाली मी रेघ मारली. मध्येच इकडेतिकडे भरकटेन, पण हे सगळं पत्र त्या एका रेघेबद्दलच आहे.

रिव्हॉल्व्ह नावाचं एक यंत्र होतं. घरातले दिवे, कुलपं, सेन्सर असं सगळं एका अ‍ॅपमध्ये आणणारी मध्यवर्ती पेटी. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास, आणि त्यात सेवेची आजीवन वर्गणी धरलेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये घरासाठी स्मार्ट थर्मोस्टॅट बनवणाऱ्या नेस्टने ही कंपनी घेतली. खुद्द नेस्टला गूगलने त्याच वर्षाच्या सुरुवातीला ३.२ अब्ज डॉलरना घेण्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे पाठीशी पैसा नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही. तरीही १५ मे २०१६ या दिवशी रिव्हॉल्व्हची सेवा बंद झाली आणि लोकांच्या घरातल्या पेट्या निव्वळ प्लॅस्टिकच्या उरल्या. पेट्या बिघडल्या नव्हत्या. पलीकडून उत्तर देणारं कोणी राहिलं नव्हतं, इतकंच. 'आजीवन' म्हणजे कोणाचं आयुष्य, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

घरातले दिवे-उपकरणं जोडणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचं त्याहून वाईट झालं. एप्रिल २०२२ मध्ये सर्व्हर एकाएकी गप्प झाले, ग्राहकांना आधी काही कळवलंही नव्हतं. अ‍ॅप उघडत नाही म्हणून लोक आपलंच इंटरनेट तपासत बसले. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. असले ग्राहक नशिबानेच मिळतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर आराखडा बांधू नये.

आता तुझ्या डबीचा हिशेब करू. चलन बाजूला ठेव, डबी शंभराला विकली असं धर. सुटे भाग, जुळणी आणि तपासणी यांत पंचावन्न गेले. वितरकाला वीस. परत आलेल्या आणि बदलून दिलेल्या डब्यांपोटी पाच. हातात राहिले वीस, आणि या विसात अजून कोणाचाही पगार धरलेला नाही. दुसऱ्या बाजूला प्रत्येक जिवंत डबी दरवर्षी काहीतरी खाते. सिमकार्डचा डेटा, क्लाउडवरची साठवण, दरवर्षी बदलणाऱ्या फोन प्रणालीसाठी अ‍ॅपची डागडुजी, सुरक्षेचे अपडेट, आणि 'डबीचा दिवा का लुकलुकतोय' असं विचारणाऱ्या फोनला उत्तर देणारा माणूस. सगळं मिळून वर्षाला तीन धर, फार नाही. सहा वर्षांत अठरा संपले. सातव्या वर्षाच्या रकान्यात ती डबी तुझ्या खिशात हात घालते. पंप मात्र नीट सांभाळला तर सहज दहा-पंधरा वर्षं चालतो, आणि तो चालत राहावा म्हणूनच तर तू डबी विकलीस.

यातली खरी मेख अशी की पहिली काही वर्षं हे दिसतच नाही. नव्या डब्यांचे पैसे जुन्या डब्यांचा खर्च भागवत असतात, बँकेत शिल्लक दिसते आणि सगळे खूश असतात. विक्री वाढती आहे तोवर हा रथ जमिनीपासून चार बोटं वरून धावतो. ज्या वर्षी ती नुसती सपाट होते, घटायचीही गरज नाही, त्या वर्षी तो धाडकन खाली येतो. माझ्या पहिल्या उद्योगात मी हे स्वतः भोगलंय. आमचे हिशेबनीस दर तिमाहीला विचारायचे, 'जुन्या यंत्रांचा खर्च कोणत्या खात्यात टाकू?' मी म्हणायचो, 'किरकोळमध्ये टाका.' चौथ्या वर्षी किरकोळ खर्च पगारांच्या बरोबरीला आला.

मग दरवर्षी पैसे घ्यायचे का? घ्यायचे, पण पहिल्या दिवसापासून. फुकटची सवय लावून मागून पावती फाडायची नाही. रिव्हॉल्व्हसारखीच पेटी विकणाऱ्या विंक नावाच्या कंपनीने तेच केलं. मे २०२० मध्ये ग्राहकांना आठवड्याभराची मुदत दिली : दरमहा ४.९९ डॉलर भरा, नाहीतर सेवा बंद. लोक इतके खवळले की तारीख पुढे ढकलावी लागली. रक्कम मोठी नव्हती, पण घेताना कोणी सांगितलं नव्हतं. दुसरं टोकही बघून ठेव. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊन पाहिली. गरम करणारी तार गाडीत आधीपासूनच बसवलेली, वर्गणी फक्त तिचं कुलूप उघडायची. २०२३ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. लोकांना हे आवळा देऊन कोहळा काढणं वाटलं, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. माझी कसोटी साधी आहे : ज्या गोष्टीवर तुझा दरवर्षी खर्च होतो तिचेच पैसे दरवर्षी माग. पहारा, फोन, अपडेट, सल्ला यांचे माग. डबीतल्या चिपचे दोनदा मागू नकोस.

कोणाकडून मागायचे, हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तुझ्या आराखड्यात त्याला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत. तिथे नुसतं 'पंपमालक' असं लिहिलंय.

एका पंपाभोवती निदान तीन माणसं उभी असतात. एक सही करणारा, त्याला वर्षाचा एकूण खर्च दिसतो. दुसरा देखभाल व्यवस्थापक, पंप बंद पडला की बोलणी त्यालाच बसतात. तिसरा फिटर, रात्री-बेरात्री येऊन बेअरिंग काढणारा. तुझी डबी पहिल्याने घ्यायची, दुसऱ्याने वापरायची आणि तिसऱ्याने बसवायची, असं तू गृहीत धरलं आहेस. आता फिटरच्या जागी उभं राहून बघ. त्याला दर तातडीच्या फेरीचे पैसे मिळत असतील, तर तुझी डबी त्याच्या पोटावर पाय देते. ती दोन महिन्यांत 'सैल होऊन' खाली पडलेली सापडेल आणि कोणी पाडली ते कोणालाही कळणार नाही. त्याच फिटरच्या मालकाचा वर्षाला ठराविक रकमेचा देखभाल करार असेल, तर मात्र गणित उलटं फिरतं. त्याचे पैसे ठरलेले, मग प्रत्येक टळलेली फेरी हा निव्वळ नफा. चाळीस ठिकाणचे दोनशे पंप सांभाळणाऱ्या माणसाला आज कुठल्या दारात जायचं हे सकाळीच कळलं, तर तो तुला दरवर्षी आनंदाने पैसे देईल. तुझं गिऱ्हाईक तो आहे. पंपमालकाला तुझं नावही कळायची गरज नाही.

तुला वाटेल, मग आपणच देखभाल का करू नये? 'पंप चालू राहील, तासाचे इतके' असंच का विकू नये? हे जुनं आणि सिद्ध झालेलं तंत्र आहे. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडलीने आपल्या वायपर या विमान इंजिनासाठी उड्डाणाच्या तासाप्रमाणे ठराविक पैसे घेऊन देखभाल द्यायला सुरुवात केली. ही कंपनी पुढे रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली आणि रोल्स-रॉइसने त्या पद्धतीचा मोठा धंदा उभा केला. जर्मनीची केझर कंपनी ग्राहकाला कॉम्प्रेसर न विकता दाबाखालची हवा विकते, यंत्र केझरच्याच मालकीचं राहतं. ऐकायला फार देखणं वाटतं, पण यात पैसा आधी बाहेर जातो आणि वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने परत येतो, शिवाय यंत्र बसलं तर नुकसान तुझं. अंथरूण पाहून पाय पसरायचे. अजून तुझ्याकडे अंथरूण नाही, सतरंजी आहे. पाच वर्षांची बिघाडांची नोंद हातात आली की मग बोलू.

ती नोंद कशी येणार, तेही सांगतो, कारण 'डेटा' हा शब्द तुझ्या आराखड्यात एकोणीस वेळा आलाय. मोजला मी.

कंपनांचे आकडे गोळा करणं आता अवघड राहिलेलं नाही. फिरता भाग असमतोल असेल तर मोटरच्या फेऱ्यांच्याच गतीला कंपन वाढतं, मोटर आणि पंप यांची जोडणी वाकडी असेल तर बहुतेकदा त्याच्या दुपटीला. पाण्यात बुडबुडे फुटत असतील तर आत खडी फिरतेय असा खरखरीत आवाज सगळीकडे पसरतो. बेअरिंगचं दुखणं आधी फार वरच्या पट्टीत, कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांत उमटतं आणि मग उष्णतेत. कानाला ऐकू येतं तोवर बराच उशीर झालेला असतो. आयएसओ २०८१६ या आंतरराष्ट्रीय मानकात कंपनाच्या पातळ्यांचे पट्टेही दिले आहेत. हे सगळं तुझ्या स्पर्धकालाही ठाऊक आहे. त्याच्याकडे नसतं ते पुढचं अर्धं वाक्य : डबीने अमुक दाखवलं, आणि पंप उघडल्यावर आत तमुक सापडलं. हे अर्धं वाक्य फक्त फिटरच्या डोक्यात असतं, आणि त्याला अ‍ॅपमध्ये अर्ज भरायचा जाम कंटाळा येतो. म्हणून अर्ज ठेवूच नकोस. काम झाल्यावर त्याने उघडलेल्या पंपाचा एक फोटो काढावा आणि दहा सेकंद तोंडी बोलावं, बस. अशा पाचशे नोंदी जमल्या की तुझ्याकडे असं काहीतरी असेल जे कोणी पैसे टाकून आठवड्याभरात उभं करू शकणार नाही. 'डेटा हे नवं तेल आहे' वगैरे वाक्यं मात्र काढून टाक. तेल निदान जाळता तरी येतं.

खोट्या इशाऱ्यांचं गणित तू केलेलंच दिसत नाही. तू लिहितोस, अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के. ठीक. समज एक हजार पंप आहेत आणि या महिन्यात त्यातले खरोखर दहा बंद पडणार आहेत. तुझी डबी त्यातले नऊ ओळखते, उत्तम. उरलेले नऊशे नव्वद ठणठणीत आहेत, पण दोन टक्के चुकीने त्यातल्या वीसेक पंपांबद्दलही ती ओरडते. म्हणजे महिन्यात एकोणतीस इशारे आणि त्यातले वीस खोटे. लांडगा आला रे आला! दुसऱ्या महिन्यात फिटर तुझा संदेश न वाचताच पुसून टाकेल, आणि तिसऱ्या महिन्यात खरंच एखादा पंप बंद पडेल तेव्हा म्हणेल, 'त्या डबीने काही सांगितलं नाही.' यावर मला एकच व्यवहारी तोड सापडली : इशारे दोन जातींचे ठेवायचे. एक, आठवड्याची यादी, 'जाल तेव्हा हे तीन पंप बघून या.' दुसरा, 'आत्ता जा', आणि तो माणसानेच माणसाला फोन करून द्यायचा. पहिलं वर्षभर हे फोन तूच कर. लाज वाटेल, पण कर. कोणता इशारा कोणाला पटतो हे त्या फोनवर जितकं कळतं तितकं कुठल्याही तक्त्यातून कळत नाही.

तक्त्यावरून आठवलं. आमच्या त्या पहिल्या उद्योगात आम्ही सहा महिने खपून एक अप्रतिम डॅशबोर्ड केला होता. फिरणारे काटे, रंगीत नकाशे, सगळं काही. पहिल्या आठवड्यात झाडून सगळे ग्राहक आत येऊन गेले. दोन महिन्यांनी रोज येणारा एकच उरला, आणि तो आमचाच परीक्षक निघाला. तुझ्या आराखड्यातल्या डॅशबोर्डच्या चार पानांचं एक पान कर.

आणि प्लॅटफॉर्मचं तर अर्धंही नको. 'पुढे आम्ही सर्व उद्योगांसाठी खुलं व्यासपीठ होऊ' हे वाक्य मी अनेक आराखड्यांत वाचलंय. जनरल इलेक्ट्रिकसारख्या अवाढव्य कंपनीने २०१५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र डिजिटल विभाग काढला, प्रेडिक्स नावाचा प्लॅटफॉर्म पुढे केला आणि २०२० पर्यंत जगातल्या पहिल्या दहा सॉफ्टवेअर कंपन्यांत यायचं ठरवलं. तसं काही झालं नाही. विमानाचं इंजिन, तेलविहीर आणि रुग्णालयातलं स्कॅनर यांची दुखणी एका भाषेत बोलत नाहीत. तुझ्यापुरते पंप पुरेत. पंपांतही आधी एकाच जातीचे.

बाजारपेठेच्या आकड्यांचं पानही गाळ. एरिक्सनने २०१० मध्ये सांगितलं होतं की २०२० पर्यंत ५० अब्ज उपकरणं जोडली जातील. पुढे सिस्कोनेही तोच आकडा उचलला आणि दहा वर्षं तो प्रत्येक सादरीकरणात फिरत होता. २०२० आलं तेव्हा जग त्याच्या बरंच मागे होतं. गुंतवणूकदारांना हे ठाऊक असतं. तू त्यांना दोनशे पंप दाखव.

जोडणीबद्दल. तू वाय-फाय निवडलंयस, कारण स्वस्त. पंप तळघरात असतात. तिथे वाय-फाय पोचलं तरी ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं, आणि तो दुसरा माणूस एक दिवस पासवर्ड बदलतो. आमच्या एका ग्राहकाने बदलला होता. एका सकाळी एकसष्ट यंत्रं मुकी झाली आणि आमची दोन माणसं तीन दिवस शिडी घेऊन फिरत होती. मोबाइल नेटवर्कचं सिम घेतलंस तर हा त्रास वाचतो, पण तिथे वेगळाच काळ चालू असतो. पंप पंधरा वर्षं जगतो, नेटवर्कची पिढी तेवढी जगेलच असं नाही. अमेरिकेत एटीअँडटीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपलं थ्रीजी बंद केलं तेव्हा धोक्याची घंटा वाजवणारी कित्येक जुनी यंत्रं धडाधड बदलावी लागली. फक्त अशा उपकरणांसाठीच उभारलेलं स्वतंत्र नेटवर्क घ्यावं, तर फ्रान्सची सिगफॉक्स बघ. जानेवारी २०२२ मध्ये ती न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली, एप्रिलमध्ये सिंगापूरच्या युनाबिझने घेतली म्हणून निभावलं. पूर्ण सुरक्षित पर्याय मला तरी दिसत नाही. म्हणून बिनतारी संपर्काचा भाग डबीत असा बसव की चार स्क्रू काढून तेवढाच बदलता येईल. दोन पैसे जास्त जातील, जाऊ देत.

आणि बोलायचं तेवढंच बोल. एमक्यूटीटी हा तू वापरणार आहेस तो प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, मुळात १९९९ मध्ये तेलवाहिन्यांसाठी बनला, उपग्रहाची जोडणी महाग आणि कमजोर होती म्हणून. त्याचा काटकसरी स्वभाव त्या अडचणीतून आलाय. तू मात्र त्यावरून दर सेकंदाला कच्ची कंपनं पाठवायची म्हणतोस. डबीतच मोज, डबीतच ठरव, आणि काही बिनसलं तरच तोंड उघड. डेटाचं बिल उतरेल, बॅटरी टिकेल.

सुरक्षेवर मी लांबण लावणार नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने इंटरनेटला जोडलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून ठरलेली साठेक नावं-पासवर्ड एकामागून एक लावून. २१ ऑक्टोबरला त्याच फौजेने इतर साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर धाड घातली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडखळल्या. तेव्हा प्रत्येक डबीला तिचा स्वतःचा वेगळा पासवर्ड, यावर चर्चा नको. ब्रिटनमध्ये तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखाच असा सोपा पासवर्ड देणं बेकायदा आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यात वस्तूच पाच वर्षांहून कमी टिकणारी नसेल तर सुरक्षेचा आधार निदान पाच वर्षं द्यावा लागतो. तिकडे माल पाठवायचा असेल तर माझा तो सातव्या वर्षाचा रकाना आता सरकारही मागणार आहे, निदान पाचव्या वर्षापर्यंतचा. त्याच संघाच्या डेटा कायद्याने १२ सप्टेंबर २०२५ पासून जोडलेल्या यंत्रातून निघणाऱ्या माहितीवर वापरणाऱ्याला हक्क दिलाय. म्हणजे 'माहिती आमच्याकडे अडकली की ग्राहक जाणार नाही' ही तुझी चौदाव्या पानावरची तटबंदी तिथे मातीची आहे. इतरत्रही ती मला आवडत नाही. जॉन डिअरसारख्या ट्रॅक्टर कंपनीला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं धारेवर धरलं, कारण सॉफ्टवेअरच्या कुलपांमुळे त्यांना स्वतः दुरुस्ती करता येत नव्हती. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शेतकरी संघटनेशी कंपनीला करार करावा लागला. ग्राहक अडकला म्हणून राहिला तर तो दर महिन्याला दार तपासत राहतो.

अपडेटचं मात्र जरूर ऐक. २०१७ मध्ये एका कंपनीने दुसऱ्याच मॉडेलचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर, आपल्या काही स्मार्ट कुलपांना पाठवलं आणि पाचशेच्या आसपास कुलपं कायमची मुकी झाली. दुरून दुरुस्तीही होईना, कारण दुरून ऐकण्याची ताकदच गेली होती. म्हणून डबीत फर्मवेअरच्या दोन प्रती ठेव, नवी चालली नाही तर जुनी आपोआप उठली पाहिजे. आधी शंभरातल्या एका डबीला पाठव, दोन दिवस थांब, मग दहांना. आणि लांब सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीच नको.

एक बारीकसारीक वाटणारी गोष्ट, पण ती न पाळल्याने कंपन्या बुडताना पाहिल्यात. डबीने क्लाउडवाल्या कंपनीच्या पत्त्यावर फोन लावता कामा नये, तुझ्या मालकीच्या पत्त्यावर लावावा, आणि तिथून पुढे तू वळवावंस. गूगलने जोडलेल्या यंत्रांसाठीची आपली आयओटी कोअर ही क्लाउड सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली. एक वर्षाची मुदत दिली होती, सभ्यपणे. ज्यांचा पत्ता स्वतःचा होता त्यांनी मागचा सर्व्हर बदलला, बाकीच्यांना प्रत्येक यंत्राचं फर्मवेअर बदलावं लागलं, आणि जी यंत्रं तेव्हा बंद होती ती तशीच राहिली. यंत्राला समोरचा सर्व्हर खरा आहे हे पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांचंही तसंच. अशी प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ज्याच्या आधारावर उभी होती ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि ज्या जुन्या उपकरणांच्या पोटातली विश्वासाची यादी कधी ताजी झाली नव्हती, त्यांनी जगाशी बोलणं सोडलं. तुझ्या डबीतलं प्रमाणपत्र कोणत्या तारखेला संपतं, आणि त्या दिवशी ते बदलायला कोण असेल? हे एका कागदावर लिहून भिंतीला लाव.

आता जे ऐकायला तुला आवडणार नाही ते. उद्या तुझी कंपनी बंद पडली तर डबीचं काय होईल, हे आत्ताच ठरव. माझं म्हणणं, इंटरनेट नसलं तरी कंपन मर्यादेबाहेर गेलं की डबीवरचा दिवा लागलाच पाहिजे. हे निर्णय डबीच्या आतच व्हायला हवेत. त्याच खोलीतल्या दुसऱ्या यंत्राला आकडे वाचता येतील अशी उघडी, लिहून ठेवलेली वाट हवी. खोक्यावर छापायचं, 'या तारखेपर्यंत अपडेट देऊ', आणि प्रत्येक वर्षाच्या वर्गणीतला थोडा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा, म्हणजे दिवे मालवायची वेळ आलीच तर वर्षभर तरी सर्व्हर चालू ठेवता येतील. गुंतवणूकदार म्हणतील, सुरुवातीलाच मरणाच्या गोष्टी कशाला? त्यांना सांग की देखभाल करार करणारा माणूस पहिल्या बैठकीत हेच विचारतो. तुझ्यासारख्या दोन कंपन्या त्याने बुडताना पाहिलेल्या असतात.

पुढच्या महिन्यात गुंतवणूकदारांना भेटणार आहेस. त्याआधी मला दोन कागद पाठव. एक, त्याच हिशेबाचा तक्ता, पण उजवीकडे दहा रकाने वाढवून : एका डबीचं पहिलं वर्ष, दुसरं, असं दहापर्यंत, नव्या विक्रीचा एकही पैसा त्यात न धरता. दुसरा, देखभाल करार घेणाऱ्या एका माणसासोबत तू आठवडाभर फिरून लिहिलेली नोंद. त्याने रोज किती दारं गाठली, किती फेऱ्या फुकट गेल्या, कोणत्या पंपापाशी त्याने कपाळाला हात लावला. डबी सोबत नेऊ नकोस. नेलीस तर दोघंही डबीबद्दलच बोलत बसाल.

तुझा,
(सही वाचता येत नसेल तर फोन कर)

ता. क. डबीवरचा दिवा ठीक असताना हिरवा आणि धोक्याला लाल, असं चित्रात दिसतंय. शंभर पुरुषांत काही जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि तळघरात उजेडही कमीच असतो. धोक्याला लुकलुकू दे.